गेटावरचा सेट आधी लागतो

प्रश्न असा होता: तोच ड्रायव्हर, तेच बिनतारी कार्ड, तोच संगणक, साताऱ्याच्या आमच्या खोलीत एकदाही न अडलेला, मग सांगलीकडच्या साखर कारखान्यात आठवड्यातून दोनदा का अडतो? ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि कार्ड यांची गाठ घालून देणारा प्रोग्रॅम. तो मी लिहिला होता.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. उसाच्या गाड्यांचे वजन गेटावर होई आणि आकडे गेटावरच्या बिनतारी सेटवरून कार्यालयातल्या संगणकात येत. आमच्या कंपनीच्या मालकांनी ठरवले होते, की ज्याला दोष सापडेल त्यानेच दुसऱ्या कारखान्याचा ड्रायव्हर लिहावा. ते काम मला हवे होते. सोबतीला त्यांनी जी सहकारी दिली, तिला, मी शिक्षक होतो तेव्हा, शाळेत गणित मीच शिकवले होते.

मी प्रोग्रॅमच्या आरंभी दोन सेकंदांचा थांबा घातला. तीन दिवस सुरळीत गेले. दोष गेला, असे मी मालकांना फोनवर कळवूनही टाकले. चौथ्या सकाळी संगणक पुन्हा गप्प.

ती तेव्हा गेटावर काटेवाल्यापाशी चहा पीत बसली होती. हा गृहस्थ फौजेच्या बिनतारी संदेश विभागातून, म्हणजे सिग्नलमधून, निवृत्त झालेला.

"ताई, शिग्नलमधी बारा वर्सं काढल्यात. आदी सेट, मग च्या. हाफिस उघडायच्या आदी अर्धा तास माजा सेट हाका मारतुय."

परत येऊन तिने मला विचारले, "सर, तुम्ही नेहमी आधी कार्यालयाचा संगणक लावता ना?"

"अर्थात. पद्धत आहे ती."

"मग हा दोष तुमच्यासमोर येणार कसा?"

मला उत्तर कळले, आणि ते तिच्या तोंडून कळले याचा राग आला. माझा ड्रायव्हर आधी संदेशांना दार उघडत असे. मग कार्ड सावरायला अर्धा सेकंद जाई. संदेश ठेवण्याची जागा त्यानंतर तयार होई. त्या अर्ध्या सेकंदात गेटाची हाक आली, की ती ठेवायला जागाच नसे आणि संगणक अडे. म्हणजे घंटा झाली, मुले आत आली, आणि बाके अजून मांडायची आहेत. मी घातलेल्या थांब्याने यात काहीच बदलत नव्हते. तीन दिवस निव्वळ योगाने गेले होते.

तिने जागा तयार करणाऱ्या ओळी वर नेल्या, दार उघडणारी ओळ शेवटी ठेवली आणि माझा थांबा खोडला. दुसऱ्या कारखान्याचे काम तिला मिळाले.

पुढच्या रविवारी मी कोणाला न सांगता साताऱ्याहून पुन्हा तिथे गेलो. गेटाचा सेट चालू ठेवून कार्यालयाचा संगणक पन्नास वेळा बंद करून लावला. प्रत्येक वेळी तो अडावा, असे मनापासून वाटत होते. काटेवाला दारात येऊन उभा राहिला.

"आवं गुरुजी, किती परीक्षा घेताय? पास करा की आता पोरीला!"

एकदाही अडला नाही. वहीत मी 'पन्नासांत शून्य' असे लिहिले. अक्षर मात्र चांगले आले नाही.

ज्याला निकाल उलटा हवा होता, त्याची ही नोंद आहे. म्हणून केवळ माझ्या शब्दावर विसंबू नये. असे कार्ड हाताशी असेल, तर पाठवणारे यंत्र आधी लावावे, घेणारे नंतर. दोन्ही क्रमांनी ओळी मांडून किती वेळा अडते ते स्वतः मोजावे, ही विनंती.