लाजाळू नाडी

दुपारचे दोन वाजलेत आणि गौतमीला उजवा पाय सहा तास वाकवायचा नाहीये. त्याच पायाच्या जांघेतून डॉक्टरांनी बारीक नळी वर नेली आणि डाव्या हाताच्या, सुजून बुजलेल्या धमनीत इवलासा फुगा फुगवला. हात आता ऊबदार लागतोय. पण मनगटात नाडी आली का, हे बघायचं धाडस काही तिला होत नाही. एरवी वर्गात साऱ्यांशी भांडणारी ही पोरगी. पंखा संथ होतो, डोळे जड होतात.

आणि निमाआत्या फळा पुसतेय.

फळा वॉर्डातच, सलाइनच्या स्टँडला टेकवलेला. आत्या गणिताची बाई. चार वर्षांपूर्वी गेली, याच आजारानं. दोन ओळी लिहिल्या की तिचा डावा हात भरून यायचा. आता मात्र ती त्याच हातानं लिहितेय, भराभर.

"दुखत नाही?"

"आता कशाला दुखेल? तू पाय हलवू नकोस, आगाऊ."

पलंगाचं बाकडं होऊन जातं. वैद्यकाकांचा दवाखाना, काढ्याचा वास. बायकांचा डावा हात बघायचा, ही काकांची रीत. नाडी लागली नाही की ते म्हणत, "आमच्या निमाची नाडी लाजाळू." सगळं घर हसायचं.

"उजवा हात पुढे करायचास ना गं. फरक कळला असता."

"मीही हसलेच की त्यांच्याबरोबर. गणिताची बाई, आणि पडताळा केला नाही."

"मग माझा कर."

"घाबरलीस?"

"मी? छे."

"मग आवाज का असा?"

गौतमी तिचा पदर धरते. "थोडं थांब ना, आत्या. दहावीचं गणित कोण शिकवणार?"

"तास संपला, बाळा." आत्या लाल पेनचं टोपण दातांनी काढते, गौतमीचं डावं मनगट अंगठ्यानं चाचपते आणि एक टिंब देते. "पडताळा तुझा तू कर."

"उठलीस?" सिस्टर उभ्या आहेत. सकाळी त्यांनी पावलांवर नाडीच्या जागी निळ्या फुल्या मारल्या होत्या. "पायावरच्या खुणा माझ्या. हातावर ही लाल कोणी केली?"

गौतमी मनगट वळवून बघते. टिंबावर तीन बोटं ठेवते. काहीच नाही. जरा दाबते. बोटांखाली कुणीतरी हळूच टिचकी मारतं. पुन्हा. पुन्हा.

"बघू, मला दे हात," सिस्टर म्हणतात.

"थांबा ना थोडं," गौतमी म्हणते आणि पहिल्यापासून मोजायला लागते.