नव्वदच्या अलीकडं

गोविंदराव गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होतो. "अप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. सगळी बस पेंगत होती... मीही खिडकीला डोकं टेकलं. रडायलासुद्धा अंगात त्राण लागतं. आता काही आठवडे उलटले, म्हणून लिहायला बसलोय. आठवीत शाळा सुटलेला माणूस मी; चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

त्यांची ओळख झाली गिंडीतल्या एका पत्र्याच्या कारखान्यात. जत तालुक्यातून आलेला मी तिथं पत्रा ठोकून आकार देणारी पॉवर प्रेस चालवायचो. आवाज असा, की आम्ही आपसात हातवाऱ्यांनीच बोलायचो. गोविंदराव सरकारी खात्यातून तो आवाज मोजायला आले. मर्यादा नव्वद डेसिबलची, मीटरनं दाखवलं एकोणनव्वद. मालक खूश. "आतच आहे की सर, लिहून टाका!"

"आत दिसतंय. आत आहे, असं मी कसं लिहू? हा मीटर दोन इकडं, दोन तिकडं चुकतो. खरा आवाज एक्याण्णवही असेल."

"मग सत्त्याऐंशीही असेल!"

"असेल. पण संशयाचा फायदा तुम्हाला दिला, तर तोटा यांच्या कानांना."

हे सगळं तमिळमध्ये. मला तेव्हा निम्मंच कळलं; बाकीचं पुढं त्यांच्याकडूनच. पास केलं नाही, एवढं मात्र पक्कं कळलं. काम बंद पडलं तर गावी कुठल्या तोंडानं जायचं? फाटकापाशी त्यांना गाठलं. मोडक्या तमिळमध्ये सुरुवात केली आणि घाबरून मराठीवरच आलो, "साहेब, पास करा की! पाया पडतो!"

ते थबकले. "कोण ऊर रे तुझं?" मराठीतच विचारलं, फक्त गावाला ऊर म्हणत. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. "आणि इतका ओरडतोस का? मी समोरच उभा आहे." मी ओरडतोय हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी माझ्या कानांकडं बघितलं, मग धाकट्या भावाला हाक मारावी तसं म्हणाले, "भिऊ नको, तंबी. कारखाना बंद नाही पडायचा. यंत्रांच्या मध्ये आवाज अडवायला एक भिंत उभी राहील."

बरीच कुरकुर करून मालकानं ती उभी केली. प्रेसखाली रबर आलं, आमच्या कानांवर टोप्या आल्या.

मग वेलचेरीला त्यांच्या घरी रविवारी जेवायला जाणं सुरू झालं. "तुम्ही वरण पीत बसलात, सांबार आम्ही तंजावरकरांनी काढलं," असं चिडवायचे. त्यांच्या पत्नीला मी अम्मा म्हणतो; मला कमी ऐकू येतं म्हणून त्या माझ्याशी मोठ्यानं बोलायच्या. जेवण झालं की गोविंदरावांचा एकच विषय. मर्यादेच्या जवळचा आकडा आला, तर मीटरची चूक कामगाराच्या बाजूनं धरावी, एवढी एक ओळ नियमात हवी होती त्यांना. वरून उत्तर यायचं, नव्वद म्हणजे नव्वद. "नियमाला आकडा कळतो रे, मीटर कळत नाही," असं म्हणून डोळे मिटून बसायचे. निवृत्त झाले, ओळ काही आली नाही. आता मी आहे तिथंही साहेब येतात, एकोणनव्वद बघतात, चहा घेतात, सही करतात. मी कानांत बोळे घालतो आणि गप्प बसतो. थकलोय मीही.

गेल्या रविवारी वेलचेरीला गेलो. अम्मा आत भाताला लागल्या होत्या, पाठमोऱ्या. मी बाहेर पंख्याखाली. "ह्यांच्या वाटचे तांदूळ पण टाकले मी... हातच तसा जातो," त्या पुटपुटल्या. मग वळून म्हणाल्या, "मोठ्यानं बोलवत नाही रे आता. ऐकू आलं का तुला?"

"आलं, अम्मा," मी म्हणालो. "सगळं आलं."