बोल की गं

दुकानात आले की आण्णा आधी माझ्याशी बोलायचे नाहीत. पायरीवर बसायचं, पिशवीतून ढोलकी काढायची, मांडीवर आडवी घ्यायची, तिच्या काळ्या शाईच्या पानाला, म्हणजे तोंडावर मढवलेल्या कातड्याला, गाल लावायचा आणि एका बोटानं हलकेच टिचकी मारून म्हणायचं, "बोल की गं." ढोलकी बोलली, तिला काय झालंय ते यांना कळलं, की मग मान वर करून मला विचारायचे, "तू बरा हाईस न्हवं?"

म्हणजे माझा नंबर दुसरा. तीस वर्षं तो दुसराच राहिला आणि माझी त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

मी ढोलक्या-तबले दुरुस्त करतो. कोल्हापुरात पेठेतल्या एका गल्लीत अब्बांनी दुकान थाटलं, ते आता मी चालवतो. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं तर मला पाय आखडून घ्यावे लागतात. अब्बा गेले तेव्हा मी विशीत होतो. पान बसवायला, शाई भरायला हात तयार होता, पण कान कच्चा. ढोलकीच्या दोरीत कड्या असतात, त्या ओढल्या की पान ताणतं आणि सूर चढतो, सोडल्या की उतरतो. ऐकायला सोपं आहे. पण कुठं थांबायचं ते कान सांगतो आणि माझा कान काही सांगतच नव्हता.

आण्णा अब्बांचं जुनं गिऱ्हाईक, तेव्हा तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचे. सहा महिने रोज संध्याकाळी कागलहून एसटीनं यायचे आणि पायरीवर बसायचे. मी कडी ओढायची, त्यांनी मान हलवायची. चुकलं की दोन्ही कान पिळायचे, एक पिळून त्यांचं भागायचं नाही. मी एकदा वैतागून म्हणालो, आण्णा, मला जमणार नाही, मी चपलांचं दुकान टाकतो. तर म्हणाले, "हातात तुझा अब्बा हाय. कानात मी बसतो. तू नुसता मधी बस." असं म्हटल्यावर माणूस काय करणार? बसलो.

पुढं आण्णांचं नशीब उघडलं. फ्रान्समधला एक ट्रम्पेट वाजवणारा कोल्हापुरात आला होता. त्यानं आण्णांना ऐकलं आणि तो यांच्या मागंच लागला. त्यानं एक मंडळी जमवली. एक पुण्याची गायिका, एक अकॉर्डियनवाला, तो स्वतः आणि आण्णा. वर्षातून दोनदा दौरा. त्या गोऱ्याचं नाव आण्णांच्या जिभेवर येईना, म्हणून यांनी त्याचं पांडबा ठेवलं. तोही बिचारा 'पांडबा' म्हटलं की वळून बघायचा.

पंधरा वर्षं आण्णा जग हिंडले. आता तुम्ही म्हणाल, काय काय पाहिलं असेल! मीही हौसेनं विचारायचो. आण्णा, लंडन कसं आहे? "ओलं हाय. पान उतरतं." आणि दुबई? "कोरडं. न वाजवता चढतं, आधीच सैल ठिवायचं." पॅरिस? "सकाळी बरं, दुपारनं भरवसा न्हाय." ज्या गावात कड्यांना हात लावावा लागला नाही ते गाव चांगलं. असं एकच गाव त्यांना सापडलं होतं, पोर्तुगालमध्ये कुठंतरी. त्याचं नाव मात्र ते विसरले.

बाजारहाट करायचे नाहीत. काकींनी, म्हणजे आण्णांच्या बायकोनं, एकदा स्वेटर सांगितला होता, तर हे नॉर्वेहून रेनडिअरच्या कातड्याचा तुकडा घेऊन आले, तोही मला. प्रत्येक देशातून माझ्यासाठी कातड्याचा एक तुकडा आणायचे. भिंतीला टाचलेत सगळे. त्या रेनडिअरच्या वासानं शेजारचा शिंपी आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हता.

स्कॉटलंडचा किस्सा तर गल्लीतल्या सगळ्यांना पाठ आहे. दुपारची वेळ, संध्याकाळी कार्यक्रम, बाहेर पाऊस आणि ढोलकीचं पान पार उतरलेलं. आपल्याकडं हलगीवाले काय करतात? कागद पेटवतात आणि शेक देतात. आण्णांनीही हॉटेलच्या खोलीत फरशीवर वर्तमानपत्र पेटवलं आणि ढोलकी लांब धरून शेकायला बसले. छतातली घंटा कर्कश्श कोकलायला लागली. सगळं हॉटेल रस्त्यावर! कोण टॉवेलवर, कोण एका पायात बूट. आगीचा बंब आला. आण्णा ढोलकी छातीशी धरून गर्दीत उभे आणि पांडबाला विचारतायत, "कुनाच्यात लागली रं?" पांडबानं ढोलकीचा वास घेतला आणि कपाळावर हात मारला. आण्णांचं म्हणणं इतकंच, की तेवढ्या धावपळीत पान मात्र बरोब्बर चढलं होतं.

मोरोक्कोतली गोष्ट ते फारशी सांगायचे नाहीत. मला एकदाच सांगितली. तिथं बाजारात एक म्हातारा मातीचे ढोल मढवत बसला होता. आण्णा त्याच्या पायरीवर बसले. ना याला त्याची भाषा, ना त्याला याची. म्हाताऱ्यानं ढोलकी मागितली, मांडीवर आडवी घेतली आणि पानाला गाल लावला. अगदी यांच्यासारखा. मग ओठ हलवून काहीतरी पुटपुटला आणि टिचकी मारली. "तेबी तेच म्हनत असंल बघ," आण्णा म्हणाले. चार तास तिथं बसले. पांडबा सगळा बाजार पालथा घालत होता आणि मंडळींची बस यांच्यासाठी खोळंबली होती. सांगताना आण्णांचे डोळे भरले होते. मी उगाच दोरी सोडवत बसलो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगितलं पाहिजे.

एका पावसाळ्यानंतर आण्णा आले, गाल लावला, टिचकी मारली आणि म्हणाले, "उतरलीया. चढीव." मी वाजवून पाहिली. ढोलकी नेमकी सुरात होती. पण माझ्या कानात तेच बसलेले, त्यांना मी काय सांगणार? जराशी चढवली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, "चढीव." हल्ली मोबाईलवर सूर दाखवणारा काटा मिळतो, तो मी त्यांच्यासमोर धरला. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "त्येला कान कुठं हायत?" म्हणाले.

दीड वर्ष मी ती ढोलकी दर खेपेला थोडी थोडी चढवत गेलो. दौऱ्यावरून आले की म्हणायचे, "औंदा पांडबाची मानसं समदी उतरल्याली. मी एकटा सुरात." पांडबाही काही बोलला नव्हता, हे मला मागाहून कळलं. गायिकेनं गळा ताणून पट्टी वाढवली, त्यानं ट्रम्पेट सांभाळून घेतला, मी कड्या ओढल्या. सगळे मिळून एका माणसाशी खोटं वागत होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण त्यांना जपतोय.

मग एक दिवस काकी एकट्याच दुकानात आल्या. काकी कधी यायच्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, यांना ऐकू येत नाही. कुकरच्या शिट्ट्या होतात, आमटी करपते, हे शेजारी बसलेले असतात. जाड आवाज कळतो, बारीक कळतच नाही. डॉक्टरकडं चला म्हटलं की अंगावर येतात. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दौरा.

"तुमचं ऐकत्यात ते," काकी म्हणाल्या. "परक्या मुलखात फजिती व्हायच्या आधी तुमी सांगा."

मी सांगतो म्हणालो. खरंच सांगणार होतो.

निघायच्या आदल्या दिवशी आण्णा आले. गाल, टिचकी, "बोल की गं." मग कपाळाला आठी. "चढीव." मी म्हणालो, आण्णा, आता पान फाटेल. "चढीव म्हनतो न्हवं." मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. सत्तरीला आलेला माणूस, उद्या विमान, नवा कोट शिवलेला. आण्णा, ढोलकी ठीक आहे, तुमचा कान गेलाय. एवढंच तर बोलायचं होतं.

मी ढोलकी घेतली, त्यांच्याकडं जरा पाठ केली आणि कड्या उतरवून तिला तिच्या खऱ्या सुरावर आणलं. निदान तिथं तरी सगळ्यांशी जुळेल म्हणून. मग वळलो, कडीला हात घातला, दात-ओठ खाल्ले, ओढल्याचं सोंग केलं. कडी तसूभरही हलली नाही. घाम मात्र खरा आला. ढोलकी त्यांच्या मांडीवर दिली.

त्यांनी गाल लावला. टिचकी मारली. मग माझ्या घामेजल्या तोंडाकडं पाहिलं.

"आता बोलली," म्हणाले.

ते गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी बघत राहिलो. हाक मारायला अजून वेळ होता. मारली असती तर ती तरी ऐकू गेली असती का कुणास ठाऊक.

त्या दौऱ्यात काय झालं ते नंतर त्यांनीच मला सांगितलं. कुठल्याशा हॉटेलात भरदिवसा छतातली ती घंटा वाजली. या वेळी यांनी काही पेटवलं नव्हतं. सगळे धावत रस्त्यावर आले. पांडबानं माणसं मोजली, एक कमी. लोक खाली उतरतायत आणि हा उलटा जिना चढतोय. दार उघडलं तर आण्णा पलंगावर बसलेले, मांडीवर ढोलकी, पानाला गाल. डोक्यावर घंटा फाटेस्तोवर ओरडतेय आणि हे शांतपणे टिचक्या मारतायत. पांडबाला दारात धापा टाकताना पाहून यांनी विचारलं, एवढ्यात निघायचं का म्हणून. पांडबानं छताकडं बोट दाखवलं. आण्णांनी वर पाहिलं. लाल दिवा लुकलुकत होता. मग पांडबा तिथंच जमिनीवर बसला आणि रडायला लागला. आग बीग काही नव्हती, खालच्या स्वयंपाकघरातला धूर होता. पण आण्णांना कळायचं ते कळलं.

परत आल्यावर त्यांनी निमूटपणे कान तपासून घेतले. मशीन बसवलं. त्यानं माणसांचं बोलणं कळायचं, पण ढोलकी वाजवली की पत्र्याचा डबा बडवल्यासारखं वाटायचं. डॉक्टरनं सांगितलं, यापुढं एवढंच.

आण्णा दुकानात शेवटचे आले त्याला आता दोन वर्षं होतील. पायरीवर बसले, ढोलकी काढली, पण गाल लावला नाही. माझ्या हातात दिली. कानातलं मशीन काढून माझ्या गादीवर ठेवलं.

"कड्या सोड. समद्या."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ढोलकीच्या सगळ्या कड्या सोडायच्या त्या वाजवणारा माणूस गेल्यावर. घरचं कुणीतरी ती घेऊन येतं, आम्ही कड्या सोडतो आणि त्या कामाचा चहासुद्धा घेत नाही. वाजवणारा स्वतः घेऊन आलेला मी तरी पाहिला नव्हता. मी मानेनं नाही म्हटलं. माझ्यानं होणार नाही म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नसेल, पण समजलं.

"सोड म्हनतो न्हवं," आण्णा म्हणाले. "आनि ह्या खेपंला खरंच हात लाव."

"तुमाला ठावं होतं?" मी विचारलं.

ते माझ्या ओठांकडंच बघत होते. "मनगटाची शीर फुगती तुझी, कडी वडताना. तीस वर्सं बघतोय. त्या दिशी फुगली न्हाई."

मग 'आता बोलली' का म्हणालात, असं मी विचारलं. त्यांना कळेना. पुन्हा विचारलं, इतक्या मोठ्यानं की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. असलं विचारणं आणि तेही ओरडून. मला रडूच आलं.

आण्णा म्हणाले, "एवढा घामाघूम झालतास. न्हाई कसं म्हनायचं लेका?"

मी एकेक कडी सोडली. अब्बांनी बसवलेल्या त्या पितळी कड्या, जागच्या हलायला तयार नव्हत्या. शेवटची सुटली तेव्हा पानाला सुरकुती पडली. ढोलकी त्यांच्या मांडीवर ठेवली. सवयीनं त्यांचा गाल खाली गेला. बोटानं टिचकी मारली. ओल्या फडक्यावर मारावी तशी ती विरून गेली.

"बोल की गं," आण्णा म्हणाले.

मग तसाच गाल ठेवून त्यांनी मला विचारलं, "तुला आलं काय ऐकू?"

मी मान हलवली. नाही.

"मलाबी न्हाई," ते म्हणाले. ढोलकी पिशवीत घातली, पिशवीचं तोंड बांधलं आणि माझ्या गादीवर सारली. मग मान वर केली.

"तू बरा हाईस न्हवं?"

मी व्हय म्हणालो. त्यांचं कानातलं मशीन अजून गादीवरच पडलं होतं.