खांद्याला कोण?

घर बघायला गेलं की लोक पाण्याचं विचारतात, स्वयंपाकघर कुठल्या दिशेला आहे ते विचारतात. आमच्या आबांनी घरमालकाला विचारलं, "हितं माणूस मेलं तर खांद्याला कोण येतं?"

मालक पुण्यात राहणारा, सभ्य माणूस. तो कसाबसा म्हणाला, "म्हणजे... फोन केल्यावर शववाहिका येते."

"गाडी न्हाय इचारली. माणसं इचारली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी मनासारखी जागा मिळालेली, आणि यांचं हे!

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्यांचं सायकलचं दुकान होतं, पण पेठ त्यांना ओळखायची ती तिरडी बांधणारा माणूस म्हणून. कुणाकडे मयत झालं की पहिला निरोप आमच्याकडे यायचा. हातातला पाना टाकून आबा उठायचे. बांबू कसा निवडायचा, गाठ कुठं मारायची, पुढं कुणाला उभं करायचं, सगळं त्यांच्याकडे. होळी जवळ आली की 'होळी बारकी करा, शेणी स्मशानाला द्या' म्हणत चितेच्या गोवऱ्यांसाठी दारोदार फिरायचे. त्यामुळे गल्ली चांगली की वाईट, याचं त्यांच्याकडे एकच माप. मयताला माणसं किती जमतात?

आई गेल्यावर ते एकटे पडले. पेठेतल्या घराचा जिना उभा आणि अंधारा. एकदा त्यावरून घसरले, तेव्हापासून मला झोप लागेना. तळमजल्याला त्यांच्यासाठी खोली असलेलं घर घ्यायचं, असं मी ठरवलं. नवऱ्यालाही सांगून टाकलं, आबा येणार असतील तर घर घ्यायचं, नाहीतर भाड्याच्या फ्लॅटमध्येच बरे आहोत. आबांना विचारलं की म्हणायचे, "बघू की." आमच्या घरात 'बघू की' म्हणजे नाही.

त्या जुन्या कॉलनीच्या मात्र मी प्रेमातच पडले होते. दोन्ही बाजूंना बुचाची उंच झाडं, रस्त्यावर पांढऱ्या फुलांचा सडा. पण माणूस म्हणाल तर औषधालाही नाही. सगळी गेटं बंद. पेठेत फोडणीच्या वासावरून सांगता येतं कुणाकडे काय शिजतंय. इथं नुसता बुचाचा वास. या गेटांच्या आत राहतं तरी कोण? मी जन्माची भोचक, मला ते कळल्याशिवाय चैन पडेना. कुत्रं फिरवणारे एक उंच गृहस्थ तेवढे दिसायचे, बँकेतून निवृत्त झालेले. मी हसले की ते मान फिरवून कुत्र्याशी बोलायचे.

मालकानं किल्ली दिली, सावकाश बघा म्हणाला. मी आबांना जवळजवळ ओढतच पुन्हा घेऊन गेले. ऑक्टोबरची दुपार, अंगाची नुसती लाही. रिकाम्या घरात आबा एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "फरशी गार हाय." एवढं बोलून हॉलमध्ये उताणे आडवे झाले, तोंडावर पंचा ओढला आणि झोपले. दुपारची झोप त्यांनी आयुष्यात कुणासाठी मोडली नाही.

मी म्हटलं, हे झोपलेत तोवर यांच्या प्रश्नाचं उत्तरच काढू. बाहेर आले. समोरच्या बंगल्यात एक काकू कुंड्यांना पाणी घालत होत्या. आम्ही कोल्हापूरची माणसं, आडवळण आम्हाला जमत नाही. सरळ विचारलं, "काकू, तुमच्याकडं कुणी गेलं तर पुढचं कोण बघतं? खांद्याला माणसं मिळतात का?"

काकूंच्या हातातली झारी थांबली. "कोण गं?"

"वडील माझे. या समोरच्या घरात आहेत."

काकूंनी तिथूनच त्या घराच्या खिडकीतून आत पाहिलं. पडदे नव्हते. रिकामं घर, उघडी फरशी, त्यावर तोंड झाकलेला म्हातारा. माझा चेहरा उन्हानं लाल. त्यांनी पटकन गेट उघडून माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू आधी बस. पाणी पी. आम्ही आहोत."

मला इतकं बरं वाटलं! ओळख ना पाळख, आणि केवढी माया. मी पाणी पीत बसले, काकू आत जाऊन कुणाकुणाला फोन करू लागल्या. आणि मग, काय सांगू, ती गेटं उघडायला लागली. एकेक करून. नवऱ्याचा हात धरून एक डॉक्टरीण आली. कॉलेजात शिकवणारं एक जोडपं आलं. बँकवाले आले, तेही कुत्र्याशिवाय. मी आधाशासारखी एकेकाचा चेहरा बघत होते. सगळे त्या रिकाम्या घराकडे निघाले. मला वाटलं, नवे शेजारी बघायला चाललेत.

दारात सगळ्यांनी चपला काढल्या. काकूंच्या एका हातात तुळशीची पानं, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास. बँकवाले फोनवर हळू आवाजात सांगत होते, "हो, गाडी लागेल. शेणीही लागतील." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अगं बाई! अहो, आबा झोपलेत!"

काकूंनी मला पोटाशी धरलं. "हो गं बाळ. शांत झोपलेत."

"तसं नव्हं! खरंच झोपलेत!"

माझ्या ओरडण्यानं पंचा हलला. आबा उठून बसले, एवढी माणसं पाहिली आणि सवयीनं विचारलं, "कोण गेलं?"

बँकवाले फोनमध्ये, "नको नको, गाडी नको, चुकून झालं," म्हणत घामाघूम. आबांनी तुळस बघितली, थर्मास बघितला. त्या कामात हयात गेलेला माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही.

"माझ्यासाठी आलाय व्हय?"

बँकवाले ओशाळून म्हणाले, "हो."

"म्हंजी खांदा देणार हुतासा?"

"देणारच की. नाव माहीत नव्हतं तुमचं. पण समोर माणूस गेलंय म्हटल्यावर घरात कसं बसायचं?"

आबांनी त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "उंची बरी हाय. फुडं चालंल."

डॉक्टरीण फिस्सकन हसली, आणि मग सगळेच. मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं. मयताचा चहा आबांनी सगळ्यांबरोबर बसून प्यायला. परत येताना रिक्षात म्हणाले, "घे घर."

आता आम्हाला तिथं बरीच वर्षं झाली. आबांची आणि बँकवाल्यांची रोजची बैठक असायची. गेटाबाहेर दोन खुर्च्या, पायाशी कुत्रं. गेल्या थंडीत बँकवाले गेले. तिरडी आबांनीच बांधली. पाय कधीचेच दगा देऊ लागलेत. आम्ही सगळे नको नको म्हणत होतो, मी तर अक्षरशः हात जोडले. ऐकतील तर आबा कसले! पुढचा खांदा त्यांनी घेतलाच आणि कोपऱ्यावरच्या बुचापर्यंत सोडला नाही.

घरी येऊन अंघोळ केली आणि खुर्चीत बसले. चेहरा उतरलेला. मित्र गेला, आता हेही मन काढून घेतात की काय! चहा हातात देऊन भीत भीत विचारलं, "आबा, बरं हाय न्हवं?"

"मला काय धाड भरलीय? एकाचं देणं फिटलं आज," आबा म्हणाले. "त्या दिवशी आलेली बाकीची हायत की अजून. तवर मला मरता यायचं न्हाय."