माळ गळ्यात असेपर्यंत

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. परदेशीपुऱ्यातल्या एका चाळीच्या नळाशी भानुमती शितोळे बायकांना उजेडाकडे वळवून त्यांचे डोळे पाहत होती. काविळीचा पिवळेपणा कंदिलाच्या उजेडात कळत नाही, म्हणून ती उजाडताच येई. तिचे आजोबा होळकरांच्या रिसाल्यात घोडेस्वार होते. नात आरोग्य कचेरीत नर्स झाली, हे घरात अजून कुणाच्या पचनी पडलं नव्हतं.

नळाचा पाइप गटारातून गेला होता आणि तिथेच सांध्यावर फुटला होता. पंधरवड्यापूर्वी चाळीतली एक गरोदर बाई काविळीने गेली. आता कोपऱ्यातली लीला, सातवा महिना, तेच पाणी पीत होती. हा नळ बंद करून पाण्याची गाडी पाठवा, असं भानुमती सांगत होती. कचेरी म्हणे, आधी साथ दाखवा.

"घरात कुणाला पीलिया?" तिने लीलाच्या दारात विचारलं.

"नाही बाईजी, सब ठीक आहे."

मागे खाटेवर लीलाचा नवरा रघुवीर पडला होता. डोळे हळदीसारखे, गळ्यात झाडाच्या मुळ्यांची माळ.

"मग हे काय?"

"अहो, हळू! रोगाचं नाव घेतलं तर माळ वाढत नाही."

माळ आधी डोक्यावर ठेवायची. ती रोज थोडी लांबते, गळ्यात येते, पोटापर्यंत पोचली की रोग उतरला. तोवर त्याचं नाव काढायचं नाही. महिनाभर भानुमती दारोदार नाव घेऊनच विचारत होती आणि 'नाही' ऐकून परतत होती. माहेरी धाकट्या भावालाही अशीच माळ घातली होती, तरी तिला हे सुचलं नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला. मग तिने रोग विचारणं सोडलं आणि नुसत्या माळा मोजल्या. जवळजवळ दर तिसऱ्या घरात एक निघाली.

दुपारी कचेरीत साहेब, प्रतापराव, हसले. "माळा मोजल्यात? उद्या ताईत मोजाल, भानुमतीबाई! इस्पितळात किती आले?"

"दोन. तिथे माळ काढायला लावतात, म्हणून कुणी जात नाही."

"मग साथ कसली? डॉक्टरची चिठ्ठी आणा. उगाच नळ तोडला तर अख्खी चाळ माझ्या दारात येईल. तोवर पाणी उकळून प्या म्हणावं."

संध्याकाळी ती पुन्हा लीलाकडे गेली. रघुवीरला म्हणाली, "माळ काढा नि चला माझ्याबरोबर. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर नळ बंद होईल. हिच्यासाठी तरी चला."

"आता कुठं छातीवर उतरलीये, बाईजी. आता काढली तर सगळं फुकट." त्याने कूस बदलली.

"आणि तू? पाणी उकळतेस ना?"

"उकळते की. पण शेगडीवर पहले रोटी. मग कोळसा उरला, तर पाणी."

भानुमती बाहेर आली. नळापाशी दुसऱ्या दिवसाची रांग लागली होती, माणसांची नव्हे, भांड्यांची. लीलाची कळशी दुसऱ्या नंबरावर होती. नळ पहाटे साडेपाचला येतो.