बिनआवाजाची मोटर

आमच्या ह्यांनी निम्मं आयुष्य ट्रकवर काढलं. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर कुठल्या ढाब्यावर डाळ चांगली आणि कुठल्या घाटात ब्रेक तापतात, हे त्यांना तोंडपाठ. पुढं शुगर डोळ्यांत उतरली. लायसन्सच्या तपासणीत डॉक्टरांनी सही केली नाही, आणि हे नळदुर्गला घरी येऊन बसले.

घराच्या पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी आहे. तिथं पोत्यावर बसून राहायचे. गिऱ्हाईक बोललं तर मान हलवायचे, नाहीतर रस्त्याकडं तोंड करून गप्प. मुलगी पुण्याला नोकरीला. दिवाळीत येताना तिनं भलामोठा खोका आणला. आत रिमोटवर चालणारा दहा चाकी ट्रक.

मी तिला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाले, "बापाचे डोळे गेलेत आणि तू खेळणं आणतीस?"

"आई, खेळणं नाही ते. लोखंडी चासी आहे, खरे गिअर आहेत. बघ तरी."

बाहेर येऊन बघते तर ह्यांनी ट्रक उलटा करून मांडीवर घेतलेला. एकेका चाकावरून, आसावरून बोटं फिरवत होते. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चार छोट्या पिशव्या शिवून दे. गहू भरायचेत."

घरामागं उताराची, खडकाळ मोकळी जागा आहे. तिथं ते माल लादून ट्रक चढवायचे. जाताना ती गाडी एकसारखी कुईकुई करायची. चढाला आवाज जाड व्हायचा, उताराला बारीक. मला गिरणीतून ऐकू यायचं आणि बरं वाटायचं. ह्यांचं बोलणं परत सुरू झालं होतं.

उन्हाळ्यात ट्रकची मोटर जळाली. कार्बनची मोटर होती, आतले कार्बनचे तुकडे घासून झिजणारी; एवढ्या ओझ्याला टिकली हेच खूप. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आता बिनकार्बनची घेऊ. ब्रशलेस म्हणतात. घासायला काहीच नसतं, त्यामुळं लवकर झिजत नाही."

मग रोज संध्याकाळी, गिरणी बंद झाली की, फोन स्पीकरवर ठेवून आमची बैठक बसायची. मुलगी इंग्रजीतलं वाचून मराठीत सांगायची. पहिली एक स्वस्तातली मागवली. ती रिकामी असली की शिट्टी घालत वाऱ्यासारखी पळायची, पण माल घालून उचलायला गेलं की जागच्या जागी थडथडायची. ह्यांनी रिमोट माझ्या हातात दिला, "बघ, उचलतच न्हाय." पाचसहा वेळा तसं झालं आणि तिला वीज पुरवणारा कंट्रोलर धूर सोडून बसला.

त्या थडथडीचं मला नवल वाटलं नाही. दगडात दाणे अडकले असताना गिरणी सुरू केली की माझी मोटरही अशीच कण्हते. मी म्हणाले, "सुरुवातीला जोर लागतो. पळायचं नंतर."

"व्हय," हे म्हणाले, "मला पळणारी नको, ओढणारी पाहिजे."

मुलीनं पुण्यातल्या एका दुकानदाराशी बोलून सगळं समजून घेतलं. सेन्सर असलेली मोटर घ्यायची, म्हणजे मोटरचा आतला फिरता भाग नेमका कुठं आहे हे कंट्रोलरला कळतं आणि गाडी धक्का न खाता उठते. एका व्होल्टला फेरे कमी घेणारी घ्यायची, म्हणजे ओढ जास्त. कंट्रोलर मोटरच्या गरजेपेक्षा मोठा पाहिजे, आणि धूळ-पाणी आत न जाणारा. आमच्याकडची धूळ कशी असते हे ह्यांनी त्या दुकानदाराला फोनवर एवढं रंगवून सांगितलं की तो हसायला लागला. कितीतरी दिवसांनी हेही हसले.

मोटर आली. मुलगी सुट्टी काढून आली आणि बापलेकीनं मिळून बसवली. भरलेल्या पिशव्या घेऊन ट्रक चढावर असा उठला की लोण्यातून सुरी जावी. आवाज म्हणाल तर काहीच नाही, चाकाखाली खडे सरकतील तेवढाच.

"कशी आहे बाबा?"

"लई चांगली," हे म्हणाले. "एक नंबर."

मुलगी समाधानानं पुण्याला गेली.

दोनतीन आठवड्यांनी मी चहा घेऊन मागं गेले. ट्रक कुंपणाच्या दगडाला अडून उभा होता, चाकं जागेवर फिरत होती. हे भलतीकडं तोंड करून, मान तिरकी करून, रिमोट दाबत उभे होते. माझी चाहूल लागली तसं हळूच म्हणाले, "कुठं गेली गं ती?"

मी चहा खाली ठेवला.

"पाच पावलांच्या पुढं मला कवाच दिसत नव्हती," ते म्हणाले. "जुनीच्या आवाजावर चालवत होतो म्या. कुठं चालली, किती ताण आलाय, सगळं कळायचं. हिचं काय कळतच न्हाय."

"अहो, मग घेतानाच सांगायचं होतं!"

"आवाज नसतो हे कुणाला ठाव होतं? आन् बसवल्यावर पोरीला काय सांगू? लई राबली ती." चहा उचलत म्हणाले, "आन् ते रोजचं फोनवरचं बोलणं मला आवडायचं."

दुसऱ्या दिवशी मी ट्रकला घुंगरू बांधलं. ह्यांनी दोन फेऱ्या मारल्या. पण घुंगरू नुसतं खडबडीत जागा सांगायचं. चढ, उतार, ओझं, यातलं काहीच त्यात येत नव्हतं. "बैलगाडी केलीस तू," म्हणाले आणि रिमोट माझ्याकडं दिला. मुलीला सांगावंच लागलं. ती फोनवर रडली. मग तिनं पहिल्यासारखीच कार्बनची मोटर शोधली, पण ती मिळून येईपर्यंत सोलापूरच्या दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या होत्या. डोळ्यांत इंजेक्शनं, लेझर. उरलेली नजर टिकवायची, गेलेली येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि उरलेलीही फार टिकली नाही. जुन्या पद्धतीची मोटर बसवली तेव्हा ह्यांना रिमोटवरचे खटके चाचपून शोधावे लागत होते. ट्रक कुईकुई करत चढला, मध्येच कलंडला. मी उचलायला धावले तर म्हणाले, "राहू दे आता."

तो उन्हाळा वाया गेला, एवढंच मनात येतं. कार्बनची तसलीच दुसरी मोटर लगेच टाकली असती तर नजर होती तोवर ते चालवत राहिले असते. आम्ही दमदार शोधली, टिकाऊ शोधली, आणि ती खरंच तशी निघाली. कपाटात कागदात गुंडाळून ठेवलीय.

ट्रकची बॅटरी नुसती पडून राहिली की फुगते, म्हणून अधूनमधून मी चार्जिंगला लावते. हे पोत्यावरून विचारतात, "लावली का?" मी "लावली" म्हणते. त्यापुढं त्या गाडीबद्दल आमच्यात बोलणं होत नाही.