दार उघडायचं की नाही, हे भागोजीनं ठरवायचं

आमच्या गावात कुणी निर्णय घेत नसे. निर्णय पडत असे. देवळात, गावदेव भैरीच्या उजव्या नाहीतर डाव्या खांद्यावरून. भागोजी गुरव ओल्या पाषाणावर तगरीच्या दोन कळ्या चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचा, आणि माणसं श्वास रोखून बघत बसायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. होडी आज लोटायची की उद्या, मुलगी म्हसळ्याला द्यायची की दिवेआगरला, हरवलेली म्हैस पूर्वेला शोधायची की पश्चिमेला. पश्चिमेला समुद्रच होता, तरी विचारायचे.

भागोजी पन्नाशीचा, काटकुळा माणूस. हात रिकामे राहिले की त्याला करमत नसे. समई पुसून झाली की घंटा पुसायचा, घंटा झाली की पुन्हा समई. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात तो आणि मुलगी तुळशी. वेड म्हणाल तर नाटकाचं. उत्सवातल्या नाटकात प्रधान किंवा ऋषी तो ठरलेला, कारण त्याचा आवाज विनासायास वेशीपर्यंत जायचा.

मी १९५८ साली मुंबईचं कॉलेज अर्धवट टाकून गावच्या शाळेत बदली मास्तर म्हणून चिकटलो. डिग्री आली नव्हती, पण मतं आली होती. माणूस आधी नुसता असतो, मग निवडी करत करत कुणीतरी होतो. वरून कुणी सांगत नाही आणि सबब चालत नाही, असलं बरंच काही मी वाचून ठेवलं होतं. ते गावाला ऐकवल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून उत्सवासाठी मी स्वतःच नाटक लिहिलं. एक माणूस, एक खोली, एक बंद दार. बाहेरून कुणीतरी दार ठोठावतं. उघडायचं की नाही? इथे मी लिहिणं थांबवलं होतं. पुढचं नटानं ठरवायचं, तेही प्रयोगातच. एवढी नवी गोष्ट कुलाबा जिल्ह्यात कुणी केली नसेल, याबद्दल माझी खात्री होती.

त्या माणसाचं काम मी भागोजीला दिलं. त्यानं कागद उलटसुलट करून बघितले. "मास्तर, शेवटचं पान ऱ्हायलं."

"राहिलं नाही, काका. तेच नाटक आहे. तुम्ही ठरवायचं."

"मी कशाला? लिवलंय तुमी."

"म्हणूनच तर."

"आन् भाईर हाय कोन?"

"ते कुणालाच माहीत नाही."

"म्हंजी तुमाला बी न्हाय. मग आसं सांगा की, सुचलं न्हाय म्हणून!"

तालमी शाळेत दुपारी व्हायच्या. पहिल्या दिवशी भागोजीनं दार उघडलं, दुसऱ्या दिवशी उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी कडीवर हात ठेवून तो एवढा वेळ उभा राहिला, की ठोठावायला बसवलेला मोरू कोळी उठून चहा पिऊन आला. मला वाटलं, काय समरस झालाय! खरी भानगड वेगळी होती.

तुळशी सातवीची फायनल चांगल्या मार्कांनी पास झाली होती. मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी अलिबागला तिचा अर्ज मीच लिहून दिला होता, आणि जागा मिळाली होती. शनिवारच्या टपालानं होकार गेला नाही, तर जागा दुसरीला. शनिवार म्हणजे प्रयोगाचा दुसरा दिवस.  पोरीनं पत्र्याची पेटी मात्र घासून उन्हात ठेवली होती.

"अहो, कौल लावा ना," मी जरा चिडवायलाच म्हणालो. "सगळ्या गावाचा लावता."

भागोजी शाळेच्या पायरीवर बसला. नखानं पायरीचा चुना खरवडत म्हणाला, "चार दीस लावतोय. पडत न्हाय."

"कुठलीच?"

"मास्तर, कुनाला बोलू नका. कुठली कळी कोरड्या जागी लावायची न् कुठली ओल्या, ते माजं बोटच ठरवतं. मानूस गाऱ्हाणं सांगाया लागला की कळतं ना, याला काय पायजे, काय झेपंल. तीस वर्सं बोट ठरवतंय, मी म्हणतो देव ठरवतो. देवाला बी चालत असंल, न्हायतर बोललाच असता." तो थांबला. "आता सोताचं आलं, तर बोटाला बी कळंना. दोनी कळ्या ओल्याच जागी घट्ट बसत्यात. सकाळी मीच धुऊन काढतो."

माझ्या वाचनात असा माणूस कुठे आलेला नव्हता. 

प्रयोगाच्या दिवशी गावची एकुलती पेट्रोमॅक्स दिवेआगरच्या लग्नाला गेलेली, म्हणून नाटक दुपारी चारलाच लावलं. रंगमंचावर लख्ख ऊन, पाठीमागे कुणाची तरी कोंबडी. गाव झाडून जमलेला. भागोजीनं सुरुवातीची भाषणं दणक्यात म्हटली. कुणाला काही कळलं नाही, पण आवाजावर सगळे खूश. मग मोरूनं दार ठोठावलं.

भागोजी कडीशी गेला. हात लावला. काढला. पुन्हा लावला. मोरूनं पुन्हा ठोठावलं. समोर चुळबुळ सुरू झाली.

"अरं उघड की, चोर थोडाच हाय!"

"नको रं, उगा बला घरात!"

पुढे बसलेली नीराबाई कोळीण ओरडली, "भागोजीभाव, कवाचा उभा हायस! कौल तरी लाव!"

हशा पिकला. भागोजी दार सोडून पुढे आला. घाम कपाळावरून नाकापर्यंत आला होता.

"कौल मीच लावतो, नीराबाय," तो म्हणाला. हे माझ्या कागदात नव्हतं. "तीस वर्सं मीच. तुजी होडी मीच आडवली, तुज्या सुनेला मीच म्हायेरी धाडली. देव न्हाय बोलला. बोट बोललं, ह्ये! आन् आज ह्येला इचारतोय तर ह्ये गप हाय. आता कुनाच्या नावावर घालू?"

 मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की ती कोंबडी रंगमंचावरून उडाली. नीराबाई पदरानं डोळे पुसत बाजूच्या बाईला म्हणाली, "काय बाय लिवलंय मास्तरानं!" मी विंगेत उभा राहून ते श्रेय बिनदिक्कत घेतलं. भागोजी टाळ्या थांबायची वाट बघत होता. त्याला अजून काही सांगायचं होतं बहुतेक, पण मोरूनं पडदा ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीराबाई रोजच्यासारखी देवळात आली. होडी उद्या लोटू का, म्हणून कौल मागू लागली.

"काल सांगितलं ना!" भागोजी खेकसला.

"आरं, ते नाटकात!"

"तुजं तू ठरव. मला टपाल गाठायचंय."

मला बरोबर घेऊन गेला, पण टपालपेटीत होकाराचं पत्र त्यानं स्वतः टाकलं. मग पेटीला दोन थापा मारल्या, मग आत वाकून बघितलं. घरी येईपर्यंत तीनदा मला विचारलं, "परत काडता येतं का हो?"

महिन्याभरानं दिघीच्या धक्क्यावर लाँच लागली. तुळशी पेटीवर बसली होती, हसत होती आणि रडतही होती. भागोजी तिला सारख्या सूचना देत होता: पान्यात वाकू नको, कुनाचं खाऊ नको, खा पन उपाशी ऱ्हाऊ नको. लाँच सुटली. तो धक्क्याच्या टोकापर्यंत तिच्याबरोबर चालत गेला, पुढे पाणी लागलं म्हणून थांबला.

"बराबर केलं ना, मास्तर?"

तेवढ्यापुरतं हो म्हणता आलं असतं. पण नाटक माझंच होतं. "मला माहीत नाही, काका."

"आता मला वाटतंय, नको हुतं धाडाया." चार पावलं चालला. "न्हाय, बरं केलं." आणखी चार पावलं. "पन पोर लहान हाय हो." धक्क्यावर डांबराचं रिकामं पिंप होतं, त्यावर बसला आणि लगेच उठला. "ह्ये आसं आता रोजच व्हनार का?"

"बहुतेक."

"हात्तिच्या! आन् ह्येच तुमच्या बुकात मोट्या मानसांनी लिवलंय?"

"साधारण हेच."

"मग त्यान्ला म्हणावं, तुमची पोर धाडा अलिबागला, मंग लिवा." तो पुन्हा धक्क्याच्या टोकाशी गेला. लाँच खाडीच्या वळणाआड गेली होती. "दुसरी लाँच कवा हाय?"

"उद्या सकाळी."

"बसू का हितंच?" त्यानं विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता घराच्या वाटेला लागला. मधेच थांबून तो मागे बघायचा, आणि पुन्हा चालू लागायचा.